नैराश्यात हरवणारे लक्ष आणि सवलतीचा प्रश्न

नैराश्याचे निदान झालेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ द्यावा का, किंवा उपचार घेत असलेल्या कर्मचाऱ्याच्या कामाचे स्वरूप काही महिन्यांपुरते बदलावे का, असा प्रश्न निघाला की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते, मन खिन्न आहे हे मान्य, पण खिन्नतेचा आणि स्मरणाचा संबंध काय? दुःख कोणाला नसते? दुसरी बाजू दयेचा आधार घेते. आधीच खचलेल्या माणसाला आणखी कशाला ताणता, असे विचारते. भांडण दोघांचे असले तरी गृहीतक एकच आहे: नैराश्य हा भावनांचा आजार आहे, आणि लक्ष, स्मरण, निर्णय ही बाकीची यंत्रणा आतून शाबूतच असते. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. लक्ष न टिकणे, वाचलेले न राहणे, साधी गोष्ट ठरवता न येणे हा या आजाराचाच भाग आहे. त्यामुळे सवलत द्यायला हवी, पण ती दयेपोटी नको. काय बिघडले आहे ते पाहून, त्या बिघाडापुरती आणि मुदतीची सवलत हवी.

आधी निदान कसे होते ते पाहू. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत नैराश्यविकाराची नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. त्या पाचांत खिन्नता किंवा कशातच रस न उरणे यांपैकी एक तरी असावेच लागते. विचार करण्याची आणि लक्ष एकवटण्याची क्षमता घटणे, किंवा निर्णय न घेता येणे, हे त्या नवांतले एक स्वतंत्र लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही ते आहे. ‘खिन्नता किंवा कशातच रस न उरणे’ यातला ‘किंवा’ मला फार महत्त्वाचा वाटतो. कशातही रस उरला नसेल, तर खिन्नता न जाणवताही हे निदान होऊ शकते. म्हणजे चारचौघांत रडवेला न दिसणारा, विचारल्यावर ‘ठीक आहे’ म्हणणारा, पण पत्रातल्या तीन ओळींचे उत्तर लिहायला आठवडा लावणारा माणूसही याच आजाराने आजारी असू शकतो. ‘तो दुःखी तर दिसत नाही’ हा युक्तिवाद इथेच संपायला हवा.

आत काय घडते? पानावरून नजर फिरते, शब्द एकेक करून वाचले जातात, पण परिच्छेदाच्या तळाशी पोहोचल्यावर वर काय लिहिले होते ते सांगता येत नाही. मग पुन्हा वरून सुरुवात. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. समोरचा बोलत असताना त्याच्या वाक्याची सुरुवात आणि शेवट ऐकू येतो, मधला भाग निसटतो. बाहेरून बघणाऱ्याला हा विसरभोळेपणा वाटतो, पण पुष्कळदा इथे विसरण्यासारखे काही साठलेलेच नसते. कुठलीही गोष्ट लक्षात राहायची तर आधी तिची नोंद व्हावी लागते आणि नोंदीला लक्ष लागते. हातातले काम पुरे होईपर्यंत चार गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची जी जागा मेंदूत असते, ती मुळातच लहान. एखादा ओटा उष्ट्या भांड्यांनी भरलेला असावा तशी ती जागा नैराश्यात एकाच विचाराच्या रवंथाने अडून राहते: माझेच चुकले, आता काही व्हायचे नाही, लोकांना कळले तर काय. त्यात झोप मोडलेली असते, आणि दिवसभरातल्या नोंदी पक्क्या होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे चक्र अनेक रुग्णांत बिघडलेले आढळते. आणि नव्या आठवणी रचणाऱ्या, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर हे संप्रेरक टिपणारी ग्राहके भरपूर असतात. बिघाड एका ठिकाणी नाही, म्हणून एका उपायाने तो जातही नाही.

स्मरणाची एक जुनी चाचणी आहे. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द सांगायला लावतात. मग दुसरी यादी मध्ये घालून, काही वेळाने पहिली पुन्हा विचारतात. नैराश्य असलेल्या अनेकांची अडचण स्वतःहून शब्द काढण्यात जास्त दिसते. तेच शब्द इतर शब्दांत मिसळून समोर ठेवले तर त्यांना त्यातले बरेच ओळखता येतात. याचा अर्थ जे थोडेफार साठले आहे तेही स्वतःच्या जोरावर वर आणायला लागणारा रेटा कमी पडतो. लांबलचक उत्तर लिहायची परीक्षा आणि कोणीही न आठवण करून देता पार पाडायचे काम, दोन्ही नेमका हाच रेटा मागतात.

याहून चटका लावणारी गोष्ट १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी मांडली. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांना त्यांनी एकेक शब्द दिला आणि त्यावरून आयुष्यातला एखादा ठरावीक प्रसंग सांगायला सांगितले. इतरांच्या तुलनेत या लोकांकडून प्रसंगाऐवजी सरसकट विधाने जास्त आली. ‘आनंद’ म्हटल्यावर ‘सुट्टीत बरे वाटायचे’ असे काहीतरी. अमुक दिवशी, अमुक जणांसोबत, अमुक झाले, असे नाही. पुढे नैराश्याच्या रुग्णांतही हेच पुनःपुन्हा आढळले. याचा परिणाम किती खोल असेल याचा विचार करा. पूर्वी अडचणीतून कसा बाहेर पडलो हे आठवायला त्या वेळचा तपशील लागतो: कोणाला फोन केला, काय बोललो, कशाने फरक पडला. तो तपशीलच हाताला लागत नसेल तर माणूस पुढचा मार्ग कशावरून शोधणार? त्यातच, नैराश्यात वाईट आठवणी चांगल्यांपेक्षा सहज वर येतात. बरे गेलेले चार दिवस हिशेबातून गळतात. ‘मला कधीच बरे वाटत नाही’ असे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या स्मरणात खरोखर तेवढेच उरलेले असते.

आता विरोधी बाजूचे म्हणणे, आणि त्यातले सर्वांत भक्कम तेवढेच घेऊ. पहिले असे की तक्रार आणि चाचणी यांचा मेळ बसत नाही. ‘माझे डोकेच चालत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांचे चाचणीतले गुण सर्वसाधारण येतात, तर काही जण तक्रार न करताही कमी गुण मिळवतात. हे खरे आहे, संशोधनात वारंवार दिसलेले आहे. दुसरे असे की सरासरीने पाहता फरक मध्यम आहे. २०१४ मध्ये रॉक आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो. त्यातही लक्ष, स्मरण आणि नियोजनक्षमता यांतली घट मध्यम प्रमाणाचीच निघाली. मग इतका गहजब कशासाठी? तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. काम काढून घेतले की माणूस आणखी आत ओढला जातो. हळूहळू कामाला लावणे हाच नैराश्यावरचा एक सिद्ध मानसोपचार आहे. मग सवलत म्हणजे आजाराला खतपाणी नव्हे का?

पहिल्या मुद्द्यातून जो अर्थ काढला जातो तो निघत नाही. शांत खोलीत, समोर बसलेल्या परीक्षकाने एका वेळी एकच काम दिले, अर्धा-पाऊण तास सगळे बळ एकवटले, तर बरेच जण वेळ मारून नेतात. दिवसाच्या आठ तासांत दहा कामे एकात एक गुंतलेली असताना, मध्येच फोन येत असताना काय होते ते त्या खोलीत दिसत नाही. शिवाय चाचणी माणसाची तुलना त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या इतरांशी करते. जो मुळात सरासरीच्या खूप वर होता, तो बराच घसरूनही सर्वसाधारण गटातच राहतो. त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी करायला हवी, आणि ते गेले वर्ष कोणी मोजून ठेवलेले नसते. मात्र यावरून मी इतकेही मान्य करतो की नुसत्या तक्रारीवर सवलत देणे चूक ठरेल. तक्रार ऐकावी, चाचणी घ्यावी आणि रोजच्या कामात नेमके कुठे अडते ते घरच्यांना किंवा सहकाऱ्यांना विचारावे. तिन्ही एकत्र ठेवल्यावर बहुतेक वेळा चित्र स्पष्ट होते, आणि सोंग करणाऱ्याला तिन्हीकडे एकच सोंग वठवणे सोपे नसते.

सोंगाच्या शंकेचा इतिहास तर शरमेने वाचावा असा आहे. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये स्मृती, दृष्टी, गंध आणि चव गमावलेल्या तीन सैनिकांची हकिकत छापली. ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्याने बसलेला आघात, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला तो या लेखातून. युद्ध वाढत गेले तशी अशा सैनिकांची संख्या वाढली आणि वरिष्ठांना प्रश्न पडला की हे आजारी की भेकड. १९१७ पर्यंत ब्रिटिश सैन्याने तो शब्दच वापरायला बंदी केली, जणू नाव काढून घेतल्याने आजार जाणार होता. पलायन, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये. त्यांतला प्रत्येक जण मनाने आजारी होता असा दावा कोणी करू शकत नाही. पण त्यांतले कोण आजारी होते हे शोधायची तसदी त्या वेळी किती घेतली गेली? बाहेर जखम दिसत नसेल तर दोष स्वभावाचा, ही विचारसरणी तेव्हाची आहे आणि ती आजही वर्गात, कार्यालयात, घरात तशीच्या तशी ऐकू येते.

‘फरक मध्यम आहे’ या आक्षेपाला उत्तर त्याच २०१४च्या विश्लेषणात आहे, आणि ते उद्धृत करणारे बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत. मनःस्थिती सावरलेल्या, वैद्यकीय अर्थाने बऱ्या झालेल्या लोकांतही लक्ष आणि नियोजनक्षमता यांतली घट तशीच मध्यम प्रमाणात टिकून होती. मध्यम आकाराची अडचण बरे झाल्यावरही राहणे लहान गोष्ट नव्हे. पण आपल्याला ती दिसत नाही, कारण आपण बरे होणे वेगळ्याच पट्टीने मोजत आलो. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये तयार केलेली मापनश्रेणी औषधांच्या चाचण्यांत अनेक दशके प्रमाण मानली गेली. तिच्यात झोपेवर तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, स्मरणावर एकही नाही. लक्ष एकवटता न येणे हे ‘मंदपणा’ या शीर्षकाखाली इतर गोष्टींसोबत मोजले जाते. अशा श्रेणीवर गुण उतरले की रुग्ण बरा झाला असे लिहिले जाते. रुग्णही खूश असतो, कारण त्याला पुन्हा जगावेसे वाटू लागलेले असते. मग तो पूर्ण भार घेऊन कामावर परततो, तीन आठवड्यांत दोन महत्त्वाच्या गोष्टी विसरतो, आणि या वेळी ‘आजारी होता’ हे कारणही उरलेले नसते. सगळे मिळून ठरवतात की हा मुळातच असा आहे. सर्वांत आधी तो स्वतः ठरवतो. आजार पुन्हा उलटायला याहून सुपीक जमीन कुठली?

तिसऱ्या आक्षेपाशी मी अर्ध्याहून जास्त सहमत आहे, आणि म्हणूनच ‘सवलत’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या चित्राशी भांडतो. काम काढून घेणे ही बहुतेक वेळा चुकीची सवलत आहे. परीक्षेतला जादा वेळही सगळ्यांसाठी नाही. ज्याचा विचारांचा वेगच मंदावला आहे त्याला वेळ उपयोगी पडतो. ज्याचे लक्ष वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही त्याला तीनऐवजी चार तास बसवून काय साधणार? त्याला मध्ये विश्रांती, शांत खोली किंवा पेपर दोन भागांत हवा. कामाच्या ठिकाणी तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, एका वेळी एकच जबाबदारी, सकाळी डोके जड असेल तर अवघड काम दुपारी, बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टींच्या पाच ओळी. यांपैकी कशालाही फारसा खर्च येत नाही आणि यांपैकी कशानेही माणूस कामापासून तुटत नाही. उलट हळूहळू कामाला लावायचे तर यश मिळेल अशा पायऱ्या लागतात. ज्याचे लक्ष टिकत नाही त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण उंचीवरून उडी मारायला लावणे याला उपचार म्हणत नाहीत.

एक धोका मात्र मी मांडतो त्या भूमिकेतूनच निघतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. नैराश्याने लक्ष आणि स्मरण बिघडते असे आपण ठासून सांगितले, तर उद्या कोणी म्हणेल, मग यांना विमान चालवू देऊ नका, शस्त्रक्रिया करू देऊ नका, जबाबदारीच देऊ नका. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्याचे औषध घेणाऱ्या वैमानिकाला उड्डाणाची परवानगी मिळत नसे. औषध घ्यावे आणि नोकरी गमवावी, किंवा आजार लपवून उडत राहावे, हे दोनच मार्ग त्याच्यापुढे होते. त्या बंदीने आकाश सुरक्षित झाले असे समजायचे का? उपचार न घेता लपवलेले नैराश्य नियंत्रणात असलेल्या नैराश्यापेक्षा जास्त धोकादायक, एवढे कळायला विमानविद्या लागत नाही. २०१० मध्ये तिथल्या विमान प्रशासनाने नियम बदलला. ठरावीक औषधांवर स्थिर असलेल्या प्रत्येक वैमानिकाची स्वतंत्र तपासणी होऊ लागली, आणि त्यात लक्ष-स्मरणाच्या चाचण्याही आल्या. मला हवे आहे ते हेच. निदानाच्या नावावरून सरसकट बंदीही नको आणि सरसकट सूटही नको. या माणसाचे, या घडीला, या कामासाठी लागणारे लक्ष शाबूत आहे का, ते पाहावे.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही थांबायला हवी. ‘नैराश्याने मेंदू आकसतो’ हे वाक्य हल्ली सहानुभूती मिळवण्यासाठी सर्रास वापरले जाते. हिप्पोकॅम्पसच्या आकारातला फरक खरा आहे, पण २०१६ मध्ये अनेक देशांतील माहिती एकत्र करून सतराशेहून अधिक रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी केली गेली, तेव्हा तो सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास निघाला. एका माणसाचे मेंदूचे छायाचित्र पाहून त्याला नैराश्य आहे की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. आधीच आशा गमावलेल्या माणसाला ‘तुझा मेंदू झिजला’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हातची शेवटची काठी काढून घेणे आहे. लक्ष आणि स्मरण परत येते. अनेकांचे बरेचसे येते, काहींचे अपुरे येते, आणि पुष्कळांचे मनःस्थितीपेक्षा उशिरा येते.

विसरण्याचे खापर औषधांवर फोडून ती परस्पर बंद करणारी घरेही पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही: झोपेच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही जुनी औषधे स्मरण मंदावतात, मेंदूला विजेचे झटके देण्याच्या विद्युत उपचारानंतर काही काळच्या आठवणी पुसट होतात. पण एकही औषध न घेतलेल्या रुग्णांतही हीच घट आढळली आहे. डॉक्टरशी बोलून औषध बदलता येते. आपल्या मनाने ते थांबवले तर मूळ कारण तसेच राहते. थायरॉइड मंदावणे किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही हेच चित्र उभे राहते, म्हणून रक्ताची तपासणी सुरुवातीलाच व्हावी. उतारवयात तर गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. १९६१ मध्ये लेस्ली किलोह या मानसोपचारतज्ज्ञांनी डिमेन्शियासारख्या (स्मृतिभ्रंशासारख्या) भासणाऱ्या, पण उपचारांनी सुधारणाऱ्या रुग्णांकडे लक्ष वेधले, त्यांत नैराश्याचे रुग्ण होते. साठीनंतरच्या माणसाचे विसरणे ‘आता वय झाले’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे. त्याच वेळी हेही खरे की उतारवयातले नैराश्य कधी कधी डिमेन्शियाची पहिली चाहूल असते, त्यामुळे मनःस्थिती सुधारल्यावर स्मरणाची तपासणी पुन्हा व्हायला हवी.

खुद्द उपचारव्यवस्थेनेही स्वतःकडे पाहावे. ती रुग्णाकडून नेमके तेच मागते जे त्याच्याकडे उरलेले नाही. रोज ठरल्या वेळी गोळी आठवणीने घ्या. तीन आठवड्यांनी अमुक तारखेला या. गेले पंधरा दिवस कसे गेले ते सांगा. तारीख चुकली की ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो, आणि दोन-तीनदा चुकली की त्याचे नाव यादीतून जाते. हात मोडलेल्या माणसाने फॉर्म भरला नाही म्हणून त्याला आपण असे परत पाठवतो का? आदल्या दिवशीचा एक संदेश, कागदावर लिहून दिलेल्या सूचना, रोज दोन ओळींची नोंद ठेवायला घरच्या कोणाची मदत, भेटीच्या वेळी सोबत कोणीतरी, इतक्याने बऱ्याच चुकलेल्या तारखा चुकायच्या थांबतील.

मुदतीचा प्रश्न राहतो, आणि तिथे मी ठाम आहे. मन सावरले त्या दिवशी सवलत संपू नये. मनःस्थिती सुधारल्याची नोंद झाल्यावर काही महिन्यांनी लक्ष-स्मरणाची तपासणी वेगळी व्हावी, आधीच्या निकालाशेजारी ठेवून पाहिली जावी, आणि तेवढ्यापुरता भार वाढवत न्यावा. काही राहून गेले असेल तर त्यावर वेगळे काम करता येते: लक्ष आणि स्मरणाचा टप्प्याटप्प्याने सराव, वह्या आणि गजर यांची शिस्त, झोपेचे उपचार, नियमित व्यायाम. कामावर परतलेल्या माणसाला ‘आता कसे वाटते?’ हे सगळेच विचारतात. त्याच्या वरिष्ठाने आणि डॉक्टरने सोबत हेही विचारावे: काल सांगितलेले आज किती आठवते, आणि एक पान वाचायला किती वेळ लागतो?